जीपगाडीची बदलती चाल

पांढुर्णा आणि सावरगाव ही दोन गावे जाम नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसली आहेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीमुळे त्यांची नावे दूरवर पोचली. वर्तमानपत्रांतही ती बहुधा त्याच सुमारास झळकतात. पोळ्याच्या आदल्या सायंकाळची खांदशेकणी मात्र कोणाच्या बातमीचा विषय होत नाही. वर्षभर जू वाहून निबर झालेला बैलाचा खांदा हळद-तुपाने चोळावयाचा, शेकावयाचा आणि दुसऱ्या दिवशी त्याला कामास जुंपावयाचे नाही, ही रीत ज्यांनी घातली त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. ओढणारी शक्ती आणि ओढावयाचा भार यांचा सांधा जेथे जुळतो, तेथेच झीज होते. आणि म्हणून तेथेच माणसाचा हात फिरावा लागतो.

हा सांधा बैलाच्या खांद्यावरून लोखंडाच्या आसावर कसा आला, याची हकीगत या मुलखापुरती एकाच गाडीच्या आधारे सांगता येते. ती गाडी म्हणजे जीप. तिचे मूळ रूप सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु त्या रूपाच्या आत इंजिन, गिअर, आस आणि पाटे किती वेळा व कोणत्या गरजेने बदलत गेले, याचा विचार फारसा होत नाही. जुनी मोटार सुधारून घेणे हा शहरातल्या शौकिनांचा छंद आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. जीपच्या बाबतीत तो छंद नव्हता, पोटापाण्याचा प्रश्न होता.

सौंसर-पांढुर्ण्याचा पट्टा सातपुड्याच्या दक्षिण उतारावर येतो. काळी माती, मधूनमधून मुरमाड टेकाडे, पावसाळ्यात फुगणारे नाले, आणि संत्र्याच्या बागा. सौंसरवरून नागपूर-छिंदवाड्याची अरुंद रूळांची आगगाडी २०१५ पर्यंत धावत असे. पांढुर्णा नागपूर-इटारसीच्या मोठ्या लोहमार्गावर आहे. परंतु स्टेशनापासून आत असलेल्या गावांना या दोन्ही गाड्यांचा उपयोग स्टेशनापर्यंत पोचल्यानंतरच. तेथवरचा प्रवास बंडीने, छकड्याने वा रेंगीने होई. बंडीला कमान नाही, पाटा नाही. चाकाखाली आलेला प्रत्येक दगड आसातून थेट बसणाऱ्याच्या मणक्यापर्यंत पोचतो. बैलाच्या संथ चालीमुळेच तो धक्का सोसवतो. वेग वाढला की कमान हवीच, हा वाहनशास्त्रातला पहिला धडा. आणि जीपची कथा एका अर्थी त्या धड्याचीच आहे.

जीपचा जन्म युद्धाच्या गरजेतून झाला. १९४० साली अमेरिकन सैन्याने हलक्या टेहळणी-गाडीसाठी आराखडे मागवले. बँटम या छोट्या कंपनीने सप्टेंबर महिन्यात पहिला नमुना सादर केला. मोठी कंत्राटे मात्र विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड यांच्याकडे गेली. युद्ध संपेपर्यंत या दोन कारखान्यांतून सहा लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. विलीजची सरशी झाली ती मुख्यतः तिच्या इंजिनामुळे. बार्नी रूस या अभियंत्याने जुन्या चार सिलिंडरांच्या इंजिनाचा एकेक भाग कसून तपासून त्यातून सुमारे ६० अश्वशक्ती काढली. म्हणजे ज्या गाडीला नवी म्हणून जगाने डोक्यावर घेतले, तिचे हृदय आधीच एकदा सुधारलेले जुने यंत्र होते! तीन गतींची गिअरबॉक्स, तिच्या मागे चारही चाकांना जोर वाटून देणारी दुसरी पेटी, पुढे व मागे एकेक अखंड आस, आणि प्रत्येक चाकापाशी पोलादी पाट्यांची एकेक जुडी, अशी तिची साधी बांधणी होती. पुढे सत्तर वर्षे भारतातल्या कारागिरांनी ज्यात हात घातला, ती बांधणी हीच.

युद्धानंतर ही गाडी इकडे दोन वाटांनी आली. एक वाट लष्कराच्या उरलेल्या सामानाच्या लिलावांची. ‘डिस्पोजलची जीप’ हा शब्दप्रयोग त्या काळचा. दुसरी वाट मुंबईची. १९४५ साली जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्र या बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासह पोलादाच्या व्यापारासाठी पेढी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, त्या देशाचे पहिले अर्थमंत्री व पुढे गव्हर्नर-जनरल झाले. १९४८ साली पेढीचे नाव महिंद्र अँड महिंद्र असे झाले. सुटे भाग आणून मुंबईत माझगावला जीप जोडण्याचे काम १९४९ च्या सुमारास सुरू झाले. नंतर हळूहळू एकेक भाग येथेच घडू लागला.

याच काळात जुन्या जीपांचे एक प्रकरण देशभर गाजले. १९४८ साली काश्मीरच्या लढाईसाठी लंडनमधील भारतीय हायकमिशनरांच्या कचेरीने, म्हणजे कृष्ण मेनन यांच्या कारकीर्दीत, दुरुस्त करून दिलेल्या जुन्या जीपा खरेदी करण्याचा करार केला. प्रत्यक्ष आलेल्या १५५ गाड्या सैन्याने निकामी म्हणून नाकारल्या. लोकसभेत त्यावर वादळ उठले आणि १९५५ साली सरकारने प्रकरण मिटल्याचे जाहीर केले. राजकारणाचा भाग बाजूस ठेवला तरी यंत्राच्या दृष्टीने या घटनेत एक शिकवण होती: वरून रंग दिलेली गाडी आणि आतून सुधारलेली गाडी या दोन निराळ्या वस्तू होत. ही शिकवण दिल्लीपेक्षा गावोगावच्या मिस्त्र्यांनी अधिक लवकर आत्मसात केली.

१९५२ च्या २ ऑक्टोबरला समाजविकास योजनेचा आरंभ झाला आणि विकास अधिकाऱ्याची जीप खेड्यांत फिरू लागली. सौंसर-पांढुर्णा त्या वेळी ज्या मध्य प्रदेशात होते, त्याची राजधानी नागपूर होती. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यांची फेरमांडणी झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि हा मराठीभाषक पट्टा मध्य प्रदेशातच राहिला. सरकारी कागदांची दिशा भोपाळकडे वळली. संत्र्यांची आणि सोयरिकींची वाट मात्र नागपूरकडेच राहिली. मोटारीच्या सुट्या भागांसाठीही या भागातला माणूस नागपूरलाच जाणार, हे ओघाने आले.

येथे पाट्यांविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण सारी गोष्ट त्यांच्याभोवती फिरते. जीपचा कमानपाटा म्हणजे एकाखाली एक लहान होत जाणाऱ्या पोलादी पट्ट्यांची जुडी. सर्वांत वरचा लांब पाटा हा मुख्य. त्याच्या दोन्ही टोकांना गोल डोळे असतात आणि ते सांगाड्याला जोडलेले असतात. हा पाटा चार कामे करतो. तो गाडीचा भार पेलतो. तो आसाला जागच्या जागी धरून ठेवतो. चाकाने पुढे लावलेला रेटा तोच सांगाड्यापर्यंत पोचवतो, म्हणजे गाडी खऱ्या अर्थाने पाट्याच्या बळावर पुढे ढकलली जाते. आणि पट्ट्या एकमेकींवर घासल्यामुळे उसळी थोडीशी आपोआप शमते. इतकी कामे एका साध्या वस्तूकडून करून घेण्याची ही युक्ती घोडागाडीच्या काळातली आहे. तिचा मोठा गुण असा, की पाटा तुटला तर तो दिसतो. आणि दिसला की एखादा लोहारही वेळ भागवून देऊ शकतो. तिचा मोठा दोषही याच गुणातून निघतो. एकाच वस्तूवर चार कामे सोपविली असता एका कामासाठी तिच्यात बदल केला, की उरलेली तीन बिघडतात.

आता इंजिनाकडे वळावे. १९५३ साली विलीजने सीजे-३बी हा नागरी नमुना बाजारात आणला. त्याचे इंजिन तेच, पण आत येणाऱ्या हवेच्या झडपा बाजूच्याऐवजी डोक्यावर नेल्या होत्या. त्यामुळे शक्ती ७० अश्वशक्तीच्या वर गेली आणि इंजिन उंच झाले. ते झाकण्यासाठी बोनेटही उंच करावे लागले. भारतीय रस्त्यांवर वर्षानुवर्षे दिसलेला जीपचा तो उंच चौकोनी चेहरा हा असा झडपांच्या स्थलांतराचा परिणाम आहे. अमेरिकेत हा नमुना १९६८ साली बंद झाला. मुंबईत त्याचे वंशज पुढे कित्येक दशके निघत राहिले.

या इंजिनाला पेट्रोल लागे, आणि पुष्कळ लागे. सरकारी खात्याला त्याची क्षिती नव्हती. १९७३ च्या ऑक्टोबरनंतर मात्र अरब-इस्राएल युद्धाच्या पाठोपाठ कच्च्या तेलाचे भाव काही महिन्यांत चौपटीच्या घरात गेले. खासगी मालकाला जीप परवडेनाशी झाली. महिंद्र कंपनीच्या हाताशी त्या वेळी एक उपाय होता. १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्या भागीदारीत सुरू झालेल्या तिच्या ट्रॅक्टर कारखान्यात बी-२७५ या ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन तयार होत होते. ते जीपमध्ये बसविण्यात आले. नांगराचे इंजिन गाडीला लागले! शेतकऱ्याला त्यात काही विपरीत वाटण्याचे कारण नव्हते; त्याच्या घरी नांगर ओढणारा बैलच बंडीही ओढत आला होता.

परंतु इंजिन बदलले म्हणजे फक्त इंजिन बदलत नाही. पेट्रोलच्या या यंत्रात हवा सुमारे सातपट दाबली जाते; डिझेलमध्ये त्याच्या दुपटीहून कितीतरी अधिक. साहजिकच डिझेल इंजिनाचा सांगाडा जाड आणि वजन जास्त. ते वजन पुढच्या पाट्यांवर आले. प्रत्येक ठिणगीविना होणाऱ्या स्फोटाचा हादरा जोराचा, म्हणून क्लचप्लेट, गिअरचे दात आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस यांची झीज वाढली. इंजिन सुरू करण्यास मोठी बॅटरी हवी झाली. आणि सर्वांत मोठा घोळ वेगाचा झाला. जुन्या जीपच्या आसात ५.३८ फेऱ्यांस एक असा दात्यांचा हिशेब होता. इंजिनाने इतक्या फेऱ्या केल्या की चाक एकदा फिरणार. पेट्रोल इंजिन मिनिटाला ३,२०० फेऱ्या घेई, तेव्हा वरच्या गिअरमध्ये गाडी ताशी ७८ किलोमीटरच्या आसपास जाई. ट्रॅक्टरच्या जातीचे यंत्र संथ; ते दोन हजार फेऱ्यांवर सुखाने चालते असे धरले, तर त्याच आसावर वेग पन्नासाच्या खाली येतो. तेव्हा आसातले दातेही बदलणे आले. दाते बदलून वेग साधला, तर चढावर पहिल्या गिअरचा जोर कमी पडतो. तेव्हा तीनऐवजी चार गतींची गिअरबॉक्स हवी. एक धागा ओढावा आणि सारे वस्त्र गोळा व्हावे, तसा हा प्रकार होता.

कारखान्याने हा गुंता क्रमाक्रमाने सोडविला. १९७० चे दशक संपता संपता फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनाचा परवाना मिळविण्यात आला. २,११२ घनसेंटिमीटरचे हे इंजिन मोटारीसाठीच आखलेले, म्हणून ट्रॅक्टरच्या यंत्रापेक्षा चपळ आणि कमी थरथरणारे होते. पुढे महिंद्रचा इंजिनांचा कारखाना इगतपुरीला उभा राहिला; घाटाच्या माथ्यावरच्या त्या गावाची ओळख तोवर आगगाडीच्या थांब्याने होती. या इंजिनाबरोबर चार गतींची, सुधारलेली गिअरबॉक्स आली. पूर्वीच्या तीन गतींच्या पेटीत पहिला गिअर गाडी थांबल्याशिवाय सहज पडत नसे. घाटात अर्ध्या चढावर तो टाकताना होणारा दात्यांचा करकराट जुन्या चालकांच्या कानांतून आजही गेला नसेल.

ज्यांच्यापाशी नवी गाडी घेण्याइतका पैसा नव्हता, त्यांनी हीच सुधारणा मिस्त्र्याकडून करून घेतली. जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवून देणे हा १९८० नंतर गॅरेजांचा एक स्वतंत्र व्यवसायच झाला. इंजिनाचे पाय बसविण्यासाठी सांगाड्यावर नवे कंस जोडावयाचे, क्लचचे आवरण जुळवावयाचे, प्रोपेलर शाफ्ट कापून लांबी साधावयाची. हे सारे छापील आराखड्याशिवाय, डोळ्यांच्या मापाने. काही ठिकाणी पुढच्या चाकांना जोर देणारा शाफ्टच काढून ठेवीत. चारही चाके ओढणारी गाडी चिखलापुरती हवी. वर्षाचे आठ महिने ती नुसते डिझेल खाते, हा त्यामागचा हिशेब होता. सैन्यासाठी ज्या गुणाकरिता ही गाडी जन्मली, तोच गुण खेड्याने पहिल्याने उतरवून ठेवला, यात थोडी गंमत आहे. कारखान्यानेही पुढे केवळ मागच्या चाकांना जोर देणाऱ्या जीपा मोठ्या प्रमाणावर काढल्या, म्हणजे मिस्त्र्यांचे म्हणणे त्याला पटले असे समजावयास हरकत नाही.

पाट्यांच्या बाबतीत मात्र सुधारणेने वाकडी वाट धरली. जीपचा उपयोग बदलला होता. साहेबाची गाडी प्रवाशांची झाली होती. लांब सांगाड्याच्या जीपा आणि १९९० च्या दशकातली कमांडर ही गाडी विदर्भात काळी-पिवळी म्हणून, आणि सीमेपलीकडे खासगी टॅक्सी म्हणून, बाजाराच्या गावांना जोडू लागली. परवान्यात दहा-अकरा माणसे. प्रत्यक्षात बाजाराच्या दिवशी त्यांच्या दुप्पट, आणि टपावर गाठोडी. मागचे पाटे सपाट होत, पोट खाली आलेल्या गाईसारखी गाडी मागे झुके. यावर मिस्त्र्याचा उपाय एकच: जुडीत एक-दोन जादा पाटे घालणे. गाडी लगेच उभारी धरी. पण घट्ट झालेला पाटा रिकाम्या गाडीला उसळवू लागतो, उसळी शमविणारे शॉकॲब्सॉर्बर लवकर फुटतात, आणि जो धक्का पूर्वी पाटा गिळीत असे तो सांगाड्याच्या जोडांत शिरतो. आंबिया बहाराचे संत्रे भरून नेणाऱ्याला हे निराळ्या रीतीने कळे. टोपलीतला तळाचा थर वाटेतच दबला, तर त्याला बाजारात भाव नाही. जड भाराखाली गाडी बसू नये आणि नाजूक माल दबू नये, या दोन अटी एकाच पाट्याकडून पुऱ्या होत नाहीत, हे पोलादाचे दुखणे बागाईतदाराच्या हिशेबवहीत उमटत असे.

आणि ब्रेक! सुधारणेच्या या साऱ्या खटाटोपात ज्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले, ते हे अंग. मूळ जीपच्या चाकांत नऊ इंच व्यासाचे ड्रम होते. एका टनाच्या आसपास वजनाची गाडी, चार माणसे आणि कच्चा रस्ता, यांसाठी ते बेताचे पण पुरेसे होते. रस्ते डांबरी झाले, इंजिन सुधारले, दाते बदलून वेग वाढला, पाटे वाढवून भार वाढला. जुन्या गाड्यांचे ड्रम पुष्कळदा तेच राहिले. सौंसरहून छिंदवाड्याकडे जाताना सिल्लेवानीचा घाट लागतो. भरलेली गाडी असा घाट उतरते, तेव्हा तापलेल्या ड्रमची पकड सुटत जाते आणि चालकाला इंजिनाच्या ओढीवरच भिस्त ठेवावी लागते. चालविणारी शक्ती वाढविणे आणि थांबविणारी शक्ती वाढविणे ही एकाच कामाची दोन अंगे आहेत. परंतु पहिल्यासाठी मालक आनंदाने पैसे मोजतो, कारण ते भाड्यातून परत येतात. दुसऱ्याचे पैसे कशातून परत यावयाचे? या प्रश्नाचे उत्तर मालकापाशी नव्हते, आणि प्रवाशाला तो प्रश्न माहीतच नव्हता.

२००० साली आलेल्या बोलेरो गाडीने पुढच्या अखंड आसाला रजा दिली. पुढची चाके आता एकमेकांपासून स्वतंत्रपणे, गुंडाळीच्या कमानींवर खालीवर होऊ लागली. एक चाक खड्ड्यात गेले तरी दुसरे झुकेना, सुकाणूला बसणारे हिसके कमी झाले. मागे मात्र पाटेच ठेवले, कारण मागे भार येतो. तिच्या २,५२३ घनसेंटिमीटरच्या डिझेल इंजिनात ट्रॅक्टरच्या त्या जुन्या इंजिनाचे रक्त होते, आणि २०११ नंतर त्याच घराण्याच्या इंजिनाला विद्युत-नियंत्रित इंधनफवारणीही जोडली गेली. नांगराच्या यंत्राची ही वाटचाल एखाद्या कुळाच्या वंशवेलीसारखी वाचता येते.

गावच्या मिस्त्र्याचे दिवस दरम्यान सरत आले होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते, की कारखान्याने नमूद केलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येणार नाही. २०१९ च्या जानेवारीत केरळमधील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच कलम कसोशीने लावले. कायद्याचा हेतू उघड आहे आणि योग्यही आहे. अंदाजाने बसविलेल्या इंजिनावर व जादा पाट्यांवर वीस जिवांचा भार टाकू देणे कोणत्याही शासनाला शोभणारे नाही. तरीही ज्या दुरुस्तीने जीप तीन पिढ्या चालती ठेवली, तिच्यातली विद्या आणि तिच्यातला धोका यांना कायद्याने एकाच मापाने मोजले, असे वाटल्यावाचून राहत नाही. जाड ड्रम बसविणारा आणि जादा पाटा घालणारा हे दोघे गुन्ह्याच्या बाबतीत सारखेच ठरावेत काय? शिवाय २०१४ च्या ऑक्टोबरात डिझेलच्या दरावरचे सरकारी नियंत्रण उठले आणि पेट्रोलशी असलेली त्याची मोठी तफावत पुढे आटत गेली. ज्या हिशेबाने जुन्या जीपेत नवे इंजिन बसत होते, तो हिशेबच उरला नाही.

जीपचे जुने घराणे कंपनीने थार या नावाने पुढे चालविले. २०१० च्या थारमध्ये पुढची चाके स्वतंत्र झाली, त्यांना पीळ घेणाऱ्या पोलादी कांबींचा आधार दिला गेला. मागे पाटे राहिले. २०२० च्या थारने मागचे पाटेही काढले. त्यांच्या जागी गुंडाळीच्या कमानी आल्या आणि पाटा एकटा जी चार कामे करीत असे ती वाटून देण्यात आली. भार कमानीने पेलावयाचा, आसाला जागेवर धरावयाचे आणि त्याचा रेटा सांगाड्यापर्यंत न्यावयाचा तो पाच दांड्यांनी, उसळी शमवावयाची ती तेलाच्या नळकांड्यांनी. या गाडीत सहा गतींची गिअरबॉक्स आहे, आणि चारही चाकांना जोर देणारी दुसरी पेटीही. दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा अखंड आस तेवढा १९४० मधला, अजून तसाच आडवा आहे.